फवारणी पंपाचे इंजिन, ब्रश कटर, पॉवर वीडर : ऑइल कोणते आणि किती तासांनी बदलावे?

दिंडोरी_बागाईतदार

सर्वांना नमस्कार. दिंडोरी तालुक्यात माझी तीन एकर द्राक्षबाग आहे. खालचा दीड एकर उताराचा असल्याने तिथे ट्रॅक्टर आणि ब्लोअर नीट वळत नाहीत, म्हणून त्या भागाची फवारणी मी एचटीपी (जास्त दाबाच्या पिस्टन) पंपाने, नळी ओढून करतो. पंपाला साडेपाच अश्वशक्तीचे, १६३ सीसीचे, दोरी ओढून सुरू करायचे पेट्रोल इंजिन आहे. मागच्या आठवड्यात डाऊनी या बुरशीच्या रोगाची फवारणी चालू असताना इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला. मी ओळीतून धावत बांधापर्यंत पोहोचण्याआधीच कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) तुटला आणि क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाला, भोक पाडून बाहेर आला. बाग फुलोऱ्यात, आभाळ भरलेले आणि पंप बंद. तो दिवस कसा काढला हे बागाईतदारांना वेगळे सांगायला नको. शेजारच्या भाऊंनी त्यांचा पंप दिला म्हणून फवारणी पूर्ण झाली.

आता प्रश्न ऑइलचा आहे. मी मोटारसायकलसाठी आणलेलेच २० डब्ल्यू ४० ऑइल या इंजिनातही टाकत होतो. गावातल्या मेकॅनिकने सांगितले की ऑइल हलके पडले म्हणून रॉड गेला, यापुढे २० डब्ल्यू ५० टाका. शेजारचे भाऊ ट्रॅक्टरचे डिझेल ऑइल वापरतात आणि त्यांचे इंजिन अनेक वर्षे चालू आहे. मुलगा म्हणतो की महागडे सिंथेटिक ऑइल एकदाच टाकावे आणि निश्चिंत राहावे. इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका कुठे गेली ते आठवत नाही. घरी याशिवाय एक टू-स्ट्रोक ब्रश कटर आणि एक तण काढायचा डिझेल पॉवर वीडर आहे, त्यांचाही विचार एकत्रच करावा असे वाटते. नवे इंजिन घेण्याआधी नेमके कुठे चुकले हे मला समजून घ्यायचे आहे.

निफाडची_शेतकरीण

दादा, आमच्या वस्तीवर दोन वर्षांपूर्वी असेच झाले होते. तेव्हा आम्ही निमूटपणे नवे इंजिन आणले आणि जुने भंगारात घातले, कारण कुणी शोधून पाहिलेच नाही. तुमचा तुटलेला रॉड आणि क्रँक अजून जवळ असतील तर कृपया टाकू नका. या विषयावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी माझीही विनंती आहे. माझ्याकडेही डिझेलचा वीडर आहे.

सातपूर_फिटर

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिन दुरुस्तीचे काम केले असून आता निवृत्त आहे. मत देण्याआधी चार गोष्टी विचारतो. पहिली, शेवटचे ऑइल कधी बदलले आणि त्यानंतर इंजिन एकूण किती तास चालले? दिवस नकोत, तास हवेत. दुसरी, ऑइलची पातळी शेवटची कधी पाहिली, आणि पाहताना झाकणाची काडी आटे फिरवून घट्ट बसवत होतात की नुसती टेकवत होतात? तिसरी, फवारणीच्या वेळी पंप कुठे ठेवता, सपाट जागेवर की उतारावर? चौथी, तुटलेला रॉड नेमका कुठे तुटला आहे, आणि क्रँकच्या ज्या गोल पिनवर रॉडचे मोठे तोंड बसते ती पिन आता कशी दिसते? तिचा रंग पाहा आणि तिच्यावर काही चिकटले आहे का, तेही पाहा.

दिंडोरी_बागाईतदार

काका, उत्तरे देतो. ऑइल मागच्या एप्रिल छाटणीच्या वेळी बदलले होते. तास मोजलेले नव्हते, पण आपला प्रश्न वाचून फवारणीची वही उघडली. निर्यातीसाठी अपेडा या केंद्राच्या संस्थेच्या ग्रेपनेट नोंदणीत बाग असल्याने प्रत्येक फवारणीची तारीख आणि औषध आम्हाला लिहून ठेवावेच लागते. एप्रिलपासून आजवर खालच्या भागात ५२ फवारण्या झाल्या आहेत. एका फवारणीला अडीच तास धरले तर १३० तास होतात. हा आकडा पाहून मी स्वतः चकित झालो, कारण माझ्या डोक्यात "ऑइल तर याच वर्षी बदलले आहे" एवढेच होते.

पातळी मधल्या काळात पाहिलेली नाही. खाली गळती दिसत नव्हती, त्यामुळे ऑइल आहेच असे गृहीत धरले. पंप बांधाच्या कडेला ठेवतो, तिथे चांगलाच उतार आहे. पिनवर रुपेरी थर लिंपल्यासारखा चिकटला आहे आणि त्याच्या कडेने लोखंड निळसर-काळे पडले आहे. रॉड मोठ्या तोंडाजवळ तुटून त्याचे तीन तुकडे झाले आहेत.

सातपूर_फिटर

आपण नीट पाहिलेत, त्यामुळे आता खात्रीने बोलता येते. हा रॉड २० डब्ल्यू ४० मुळे तुटलेला नाही. तो ऑइल न पोहोचल्यामुळे तुटला आहे.

या इंजिनाची रचना आधी समजून घ्या. मोटारीच्या इंजिनात ऑइलचा पंप असतो, तो ऑइल दाबाने प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचवतो आणि वाटेत फिल्टर असतो. आपल्या पंपावरच्या छोट्या इंजिनात यांपैकी काहीही नाही. रॉडच्या तळाशी चमच्यासारखी एक छोटी पळी असते. प्रत्येक फेऱ्यात ती तळाच्या ऑइलमध्ये बुडते आणि ते वर उडवते, आणि त्या शिंतोड्यांवरच पिन, पिस्टन, सिलिंडर, कॅम यांचे वंगण चालते. ऑइलची पातळी बोटभर खाली गेली, किंवा इंजिन कलले आणि ऑइल एका बाजूला साचले, की पळी हवेत फिरू लागते. इंजिन मात्र त्याच जोरात चालू राहते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला काही कळत नाही.

दुसरी गोष्ट रॉडची. या वर्गाच्या बहुतेक इंजिनांत रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या मोठ्या तोंडात वेगळे बेअरिंग नसते, तो थेट पोलादी पिनवर फिरतो. मध्ये ऑइलचा पातळ थर असेपर्यंत हे उत्तम चालते. थर तुटला की ॲल्युमिनियम तापून पिनला चिकटते, तोंड आवळते आणि रॉड फाटतो. आपल्या पिनवरचा रुपेरी थर म्हणजे रॉडचेच ॲल्युमिनियम आहे आणि निळसर डाग म्हणजे पोलाद तापल्याची खूण आहे. गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) बिघडून इंजिन बेफाम पळाले असते तर बहुतेक वेळा रॉड मधल्या दांड्यात तुटला असता आणि पिन स्वच्छ राहिली असती. फिल्टर फाटून धूळ गेली असती तर सिलिंडरची चकाकी जाऊन तो घासल्यासारखा मंद दिसला असता आणि रिंगा झिजलेल्या आढळल्या असत्या. म्हणून मी तुटके भाग सांभाळून ठेवायला सांगतो, मालकाला जे माहीत नसते ते भागांवर उमटलेले असते.

आता तासांचा हिशोब. १६३ सीसीच्या या प्रकारात तळाला साधारण ०.५८ लिटर ऑइल मावते. इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपास चालते. म्हणजे १०० तासांत २ कोटी १६ लाख फेरे झाले. ताशी ६० किलोमीटर वेगाने १०० तास चालणारी मोटार ६,००० किलोमीटर जाते, पण तिच्याकडे तीन-चार लिटर ऑइल, पंप आणि फिल्टर असतो. इथे अर्ध्या लिटरला थोडे अधिक ऑइल आणि फिल्टर नाहीच. झिजलेल्या धातूची भुकटी, काजळी, धूळ सगळे त्याच ऑइलात फिरत राहते आणि ऑइल काढून टाकणे हाच ते बाहेर काढण्याचा एकमेव मार्ग असतो. म्हणून या इंजिनांच्या पुस्तिकेत पहिले ऑइल २० तासांनी किंवा एका महिन्याने, आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगितलेले असते. भार जास्त, ऊन जास्त असेल तर मी ५० तास धरतो. आपली १३० तासांची चूक होतीच, पण तेवढ्याने रॉड लगेच तुटत नाही. त्या १३० तासांत इंजिनाने थोडे थोडे ऑइल जाळले, पातळी उतरली, आणि त्यात पंप बांधाच्या उतारावर होता. अशा इंजिनाला २० अंशांपेक्षा जास्त कलवून चालवू नये असे सांगितलेले असते, आणि पातळी कमी असेल तर त्याहून कितीतरी कमी कलही पुरतो.

काडीबद्दल एक सूचना. इंजिन बंद करून, सपाट जागेवर ठेवून, काडी पुसून घ्या आणि आटे न फिरवता नुसती तोंडात टेकवून बाहेर काढा. आटे घट्ट करून पाहिली तर ती खोल जाते आणि पातळी खरीपेक्षा जास्त दिसते. माझ्या हाताखाली आलेल्या कितीतरी इंजिनांचे मालक पातळी प्रामाणिकपणे रोज पाहत होते, पण अशी चुकीची पाहत होते.

ऑइल_दुकान_पंचवटी

मी पंचवटीत ऑइलचे दुकान चालवतो. दुकानदार जो डबा जास्त मार्जिनचा तोच पुढे करतो असा अनेकांचा समज आहे आणि काही ठिकाणी तो खराही असेल. म्हणून डबा स्वतः वाचायला शिका, एवढेच सांगण्यासाठी लिहितो.

डब्यावर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे एसएईचा (मोटार अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेचा) जाडपणाचा आकडा. १० डब्ल्यू ३० मधला डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ते किती जाड राहते ते सांगतो. त्या तापमानाला ३० नंबरचे ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (जाडपणाच्या एककाच्या) दरम्यान असते आणि ४० नंबरचे १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. गिऱ्हाईक बोटावर ऑइल घेऊन चोळून "हे पातळ आहे" म्हणते, पण त्याचे बोट १०० अंशांवर नसते. थंड १० डब्ल्यू ३० हे थंड २० डब्ल्यू ४० पेक्षा पातळ लागणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची) दर्जाची अक्षरे. एस ने सुरू होणारी, जसे एसजे, एसएल, एसएन, एसपी, ही पेट्रोल इंजिनांसाठी असतात. सी ने सुरू होणारी, जसे सीएच-४, सीआय-४, सीके-४, ही डिझेलसाठी. एस च्या पुढचे अक्षर जितके पुढचे तितकी कसोटी नवी. एसपी ही २०२० साली आली. छोट्या पेट्रोल इंजिनांना एसजे किंवा त्यापुढचे चालते, त्यामुळे आज कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा साधा डबासुद्धा ही अट सहज पार करतो. शेजारच्या भाऊंच्या ट्रॅक्टर ऑइलच्या डब्यावर सीआय-४ च्या जोडीला एसएल असेही छापले असेल तर ते पेट्रोल इंजिनात टाकायला हरकत नाही. नुसते सी असेल तर मी देत नाही.

मोटारसायकलच्या डब्यावर जासो (जपानी मोटार मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेले असते. त्याचा संबंध ऑइलात बुडालेल्या क्लचशी आहे, तो घसरू नये म्हणून ही कसोटी असते. आपल्या पंपाच्या इंजिनात तसा क्लच नसतो, पण असे ऑइल टाकल्याने नुकसानही होत नाही. उलट बाजूने मात्र काळजी घ्या. मोटारीचे, इंधन वाचवणारे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले ऑइल मोटारसायकलमध्ये टाकले तर क्लच घसरू शकतो.

सील उघडलेले, सुटे किंवा बाजारभावापेक्षा फारच स्वस्त ऑइल घेऊ नका. रिकामे डबे पुन्हा भरून विकले जातात, म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो की रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात द्या.

येवला_मळा

फिटर काकांचे बाकी सर्व पटले, पण जाडपणाबद्दल माझी शंका आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. अशा उन्हात ३० नंबरचे ऑइल पाण्यासारखे होणार नाही का? आमच्या वडिलांच्या विहिरीवरच्या इंजिनाला नेहमी ४० नंबरच असायचे आणि ते पंचवीस वर्षे चालले.

सातपूर_फिटर

भाऊ, वडिलांचे म्हणणे त्या इंजिनासाठी योग्यच होते. ते जड, संथ, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन होते आणि त्याच्या पाटीवर तेच ऑइल लिहिलेले असणार.

छोट्या पेट्रोल इंजिनाबद्दल आपली शंका निराधार नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही अमेरिकेतली जुनी इंजिन कंपनी आपल्या पुस्तिकेत लिहिते की साधारण २७ अंशांच्या वर १० डब्ल्यू ३० वापरल्यास ऑइल जास्त जळू शकते, आणि उन्हाळ्यासाठी ती साधे एसएई ३० सुचवते. पण लक्षात घ्या, तिथेही आकडा ३० च आहे. रॉड आणि पिन यांच्यातली फट ३० नंबरच्या हिशोबानेच ठेवलेली असते. उन्हाळ्यात ऑइल जळते ते मुख्यतः त्यातला हलका भाग वाफ होऊन उडून जातो म्हणून. चांगल्या सिंथेटिकमध्ये हे उडणे कमी असते. आपल्याकडे मार्च ते जून एसएई ३० किंवा सिंथेटिक १० डब्ल्यू ३०, आणि उरलेले वर्ष साधे १० डब्ल्यू ३०, असे मी ठरवले आहे. निफाडला हिवाळ्यात पारा काही वेळा पाच अंशांच्याही खाली जातो. तिथे पहाटे साधे एसएई ३० घातलेल्या इंजिनाची दोरी ओढून पाहा, हाताला फरक लगेच कळेल.

२० डब्ल्यू ४० ने इंजिन मोडत नाही, हे पुन्हा सांगतो. सकाळी दोरी जड लागेल आणि पहिले मिनिटभर शिंतोडे कमी उडतील, एवढेच. पण योग्य पातळीवर असलेले २० डब्ल्यू ४० हे पातळी उतरलेल्या महागड्या सिंथेटिकपेक्षा शंभर पटींनी बरे. सिंथेटिक एकदाच टाकून निश्चिंत राहण्याची कल्पना चिरंजीवांनी सोडून द्यावी, कारण ऑइल टिकले तरी त्यातली धातूची भुकटी कुठे जाणार?

उष्णतेचा विषय निघाला आहे म्हणून, ऑइलच्या आधी थंडाव्याची पाती तपासा. सिलिंडरवरच्या पातळ पात्यांतून वारा जाऊन इंजिन थंड होते. दोरीच्या खोक्याखाली या पात्यांमध्ये धूळ, वाळलेली पाने आणि बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद-चुन्याच्या औषधाचा) निळसर थर घट्ट बसलेला मी कितीदा खरवडून काढला आहे. वर्षातून दोनदा खोके उघडून ते साफ करावे. हवेचा फिल्टर ५० तासांनी, आणि धुळीत काम असेल तर त्याआधीच, साफ करावा. फिल्टरशिवाय "थोडा वेळ" इंजिन चालवणे मला अजिबात मान्य नाही.

इगतपुरी_भातशेती

ब्रश कटरबद्दल मी लिहितो, कारण आमच्याकडे भाताच्या बांधावरचे गवत पावसाळाभर काढावे लागते आणि एक कटर मी स्वतःच्या अज्ञानाने जाम केला आहे.

टू-स्ट्रोकला तळात ऑइल नसतेच, ते पेट्रोलमधूनच जाते. त्यामुळे एकदाही साधे पेट्रोल भरले तर काही मिनिटांत पिस्टन चिकटू शकतो. माझ्याकडे पुतण्याने मोटारसायकलच्या कॅनमधले पेट्रोल भरले होते. तेव्हापासून मिश्रणाचा कॅन लाल आणि साध्या पेट्रोलचा पांढरा ठेवला आहे. प्रमाण यंत्रावर लिहिलेले असते. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली, आणि २५ ला १ म्हणजे ४० मिली. झाकणाने अंदाजे ओतू नये, औषध दुकानात मिळणारी मापाची सिरिंज वापरावी. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित हाही गैरसमज आहे. ऑइल वाढले की मिश्रणातले पेट्रोल तेवढे कमी होते, शिवाय काजळीने सायलेन्सरची जाळी आणि धुराचे तोंड बुजते. ऑइल टू-टी चेच, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचेच हवे, आणि डब्यावर जासो एफसी किंवा एफडी पाहावे. बोटींच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू३ हे वेगळे असते, ते हवेने थंड होणाऱ्या कटरसाठी नाही.

आता इथेनॉल. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले, तर अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि इगतपुरीच्या पावसात तर कॅन अर्धा रिकामा राहिला की झालेच. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कटरची शोषणनळी तळातूनच इंधन घेते. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलच्या थरातच राहिलेले असते. म्हणजे प्रमाण अचूक मोजूनही इंजिनाला ऑइलविना इंधन मिळते. हे मला कळले तेव्हा दुसऱ्यांदा जाम झालेल्या कटरचे कोडे सुटले.

म्हणून मी दोन-तीन दिवसांपुरतेच मिश्रण करतो, भरण्याआधी कॅन हलवतो, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवून मगच ठेवतो. रबरी नळ्या दरवर्षी दाबून पाहतो. चिकट किंवा तडकलेली वाटली तर लगेच बदलतो, नळी फार महाग नसते.

सातपूर_फिटर

उत्तम लिहिलेत. एक भर घालतो. चार-स्ट्रोक पंपातही पेट्रोलचा त्रास ऑइलपर्यंत पोहोचतो. कार्बोरेटरची सुई नीट बसत नसेल तर बंद ठेवलेल्या इंजिनात पेट्रोल झिरपून तळाच्या ऑइलात उतरते. काडीवर पातळी वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला, तर "ऑइल भरपूर आहे" असे समजू नका. ते ऑइल पातळ झालेले असते. आधी सुई दुरुस्त करा, ऑइल काढून नवे भरा, आणि इंजिन ठेवताना पेट्रोलचा कॉक न चुकता बंद करा. रॉकेलवर चालणारी जुनी इंजिने ज्यांनी वापरली आहेत त्यांना हे माहीत आहे. रॉकेल रिंगांपासून खाली उतरून ऑइल पातळ करायचे, म्हणून जाणते लोक ते लवकर बदलत.

निफाडची_शेतकरीण

काका, माझ्या डिझेल वीडरचे ऑइल नवे टाकले तरी दोन दिवसांत काळे होते. ते वाया गेले असे समजून मी दोनदा लगेच बदलले. आणि मागच्या महिन्यात माझ्या एचटीपी पंपाच्या पिस्टनच्या बाजूचे ऑइल दुधासारखे पांढरे झाले आहे.

सातपूर_फिटर

ताई, डिझेलचे ऑइल काळे होणे हे ऑइल काम करत असल्याचे चिन्ह आहे. त्यातली द्रव्ये काजळी धरून ठेवतात, तिला भिंतीवर बसू देत नाहीत. रंगावरून नव्हे, तासांवरून बदला. डब्यावर १५ डब्ल्यू ४० आणि सीएच-४ किंवा त्यापुढची अक्षरे पाहा आणि पुस्तिकेशी ताडून घ्या. वीडरच्या गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते, त्यात इंजिनाचे ऑइल सरसकट टाकू नका. पुस्तिकेत सांगितले असेल तेच भरा.

पांढरे ऑइल मात्र गंभीर आहे. एचटीपी पंपाला स्वतःची वेगळी ऑइलची कुपी असते, तिचा इंजिनाच्या ऑइलशी संबंध नाही. तिथे पाणी शिरले, म्हणजे प्लंजरची (पंपाच्या दट्ट्याची) सील गेली. नुसते ऑइल बदलून उपयोग नाही, सील आधी बदला, नाही तर क्रँकच्या बेअरिंगला गंज चढेल आणि पंपच जाईल. शिवाय ते पाणी औषधाचे असते, हात लावताना हातमोजे घाला.

येवला_मळा

काढलेल्या ऑइलचे काय करावे? आमच्याकडे ते बांधावर ओततात किंवा गोठ्याच्या लाकडाला वाळवीसाठी लावतात.

निफाडची_शेतकरीण

भाऊ, बांधावर कृपया ओतू नका. आमच्या शिवारातून कादवा नदीचे पाणी पुढे गोदावरीला आणि नांदूर मधमेश्वरला जाते. तिथे हिवाळ्यात लांबून पक्षी येतात, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. आमच्या विहिरीही याच ओघळींच्या कडेला आहेत. कचऱ्याबद्दलच्या केंद्राच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑइल घातक कचऱ्यातच धरलेले आहे. मी जुन्या पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवते आणि तालुक्याच्या मोठ्या गॅरेजला नेऊन देते, तिथून ते पुनर्प्रक्रियेसाठी जाते. गॅरेजवाल्यांनी कधी नकार दिलेला नाही.

दिंडोरी_बागाईतदार

सर्वांचे मनापासून आभार. बाग आता पाणी उतरण्याच्या अवस्थेत आली आहे, त्यामुळे लिहायला उशीर झाला.

क्रँककेस फुटलेली असल्याने दुरुस्ती परवडत नव्हती, म्हणून त्याच प्रकारचे नवे इंजिन घेतले. नव्या इंजिनात ऑइल नव्हते, ते दुकानदाराने सांगितले नसते तर मी तशीच दोरी ओढली असती. १० डब्ल्यू ३०, एसएन ऑइल भरले. पंपासाठी बांधावर दोन फरशा बसवून सपाट ओटा केला आणि पाणसळ लावून पाहिला. फवारणीच्या वहीत औषधाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखले, एक तासांचा आणि एक काडीवरच्या पातळीचा. फवारणी सुरू करण्याआधी काडी टेकवून पाहिल्याशिवाय तो रकाना भरायचा नाही असे घरात सर्वांना सांगितले आहे, आणि मुलगा आता माझ्याआधी तो भरतो.

काल वहीतली बेरीज २० तासांवर आली. इंजिन गरम असतानाच ऑइल पांढऱ्या ताटात काढले आणि उन्हात धरले. ताट हलवले की तळाशी बारीक चंदेरी कण चमकत होते, चिमटीत येतील इतकेही नाहीत, पण स्पष्ट दिसत होते. काका, हे नव्या इंजिनाचे पहिले घासणे समजावे ना? तसे असेल तर पुढचे ऑइल ७० तासांच्या नोंदीवर बदलतो, आणि ते ताटही त्या वेळी इथे लिहून कळवतो.

सातपूर_फिटर

हो, ते पहिलेच घासणे आहे, काळजी नसावी. ७० ला पाहाल तेव्हा कण जवळजवळ नसावेत. असतील तर इंजिन पुढे न चालवता आधी मला कळवा.